खांद्यातली सावली : ओत्झीच्या एक्स-रेचं प्रकरण

जून २००१. उत्तर इटलीतल्या बोल्झानो शहरात पाउल गोस्टनर हे रेडिओलॉजिस्ट छातीच्या एका एक्स-रेवर बरगड्या बघत होते. ज्याचा हा फोटो, तो माणूस मरून पाच हजार वर्षं उलटली होती. काम ठरलेलं होतं: कुठल्या बरगड्या मोडल्या, कुठल्या मोडून जुळल्या, कुठल्या नुसत्याच वाकल्या, एवढं सांगायचं. ते करताना डाव्या खवाट्यापाशी त्यांची नजर अडली. तिथे जेमतेम दोन सेंटिमीटरचा, त्रिकोणी, आजूबाजूच्या हाडापेक्षाही दाट असा पांढरा आकार होता. हाड असं दिसत नाही. सीटी (देहाचे आडवे काप दाखवणारा एक्स-रे) केल्यावर खात्री पटली, की ते चकमकीच्या दगडातून घडवलेलं बाणाचं टोक आहे.

हा माणूस म्हणजे ओत्झी, आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला. तोवर दहा वर्षं नावाजलेले तज्ज्ञ त्याला तपासत होते. त्याचे एक्स-रे निघाले होते, सीटी झाले होते, त्या सीटीवरून कवटीची हुबेहूब प्रतिकृतीही घडवली गेली होती. आणि तो डोंगरावर थंडीने गारठून मेला, असंच बहुतेक जण धरून चालले होते.

हाडाचा फोटो काय सांगतो, कुठे येऊन थांबतो, आणि तो थांबल्यावर पुढचं उत्तर मांसातून, रक्तवाहिनीतून, साकळलेल्या रक्तातून कसं काढावं लागतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. म्हणून ते नीट मांडायचं आहे.

सापडला तेव्हा

१९ सप्टेंबर १९९१ रोजी एरिका आणि हेल्मुट झिमोन या जर्मन दांपत्याला ओत्झटाल आल्प्समध्ये, टिझेनयोख खिंडीजवळ ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फातून वर आलेला एक मृतदेह दिसला. अलीकडेच हरवलेला एखादा गिर्यारोहक असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यामुळे पंचनाम्याला न्यायचा देह जसा काढतात तसाच तो काढला गेला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने बर्फ फोडताना डाव्या कमरेपाशी देहाला इजाही झाली. ही इजा लक्षात ठेवायची, कारण पुढे तपासणाऱ्याला पाच हजार वर्षांपूर्वीच्या जखमा आणि १९९१ सालच्या जखमा एकाच फोटोत वेगळ्या करायच्या होत्या.

देह ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या न्यायवैद्यक संस्थेत गेला. तिथे पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी सोबत सापडलेली कुऱ्हाड पाहिली आणि हा माणूस किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचं सांगितलं. कार्बन कालमापनाने तो आणखी मागे गेला, इसवी सनापूर्वी ३३५० ते ३१०० च्या आसपास. ऑक्टोबरमध्ये सीमेची मोजणी झाली, तेव्हा तो इटलीच्या हद्दीत ९२.५६ मीटर आत सापडल्याचं निघालं. तरी १९९८ पर्यंत तो इन्सब्रुकमध्येच राहिला, मग बोल्झानोच्या संग्रहालयात आला. तिथे उणे ६ अंश तापमानात आणि जवळजवळ शंभर टक्के आर्द्रतेत त्याला ठेवलं आहे.

उंची सुमारे १६० सेंटिमीटर. वय साधारण ४५, तेही मांडीच्या हाडाची सूक्ष्म रचना पाहून काढलेलं. बरगड्यांची बारावी जोडी त्याला जन्मतःच नव्हती. गुडघे, घोटे आणि कंबरेचे मणके झिजलेले होते. हे सगळं एक्स-रेतून आणि सीटीतून कळलं. गंमत अशी, की त्याच्या अंगावर गोंदलेल्या रेघांपैकी बऱ्याच रेघा या झिजलेल्या सांध्यांच्याच आसपास आहेत. दुखऱ्या जागेवर इलाज म्हणून गोंदून घेतलं असावं, असा तर्क त्यावरून निघतो आणि तो मला पटतो. आपल्याकडेही दुखणाऱ्या जागी डाग देण्याची रीत होतीच.

बरगड्यांनी चकवलं

श्पिंडलर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली कथा अशी होती: ओत्झी शरद ऋतूत डोंगरावरून गावाकडे परतला, तिथे हाणामारी झाली, त्यात उजव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, तो पळून पुन्हा डोंगरावर गेला आणि थकून, थंडीने मेला. या कथेचा मोठा आधार एक्स-रे होता. उजवीकडच्या बरगड्या बिघडलेल्या दिसत होत्या आणि त्यांत जुळण्याची कुठलीही खूण नव्हती. जुळण्याची खूण नाही, म्हणजे मोडल्यावर तो फार जगला नाही, असा अर्थ काढला गेला.

इथे जरा थांबायला हवं, कारण चूक नेमकी कुठे झाली ते यात आहे.

हाड मोडतं तेव्हा त्याच्या आतल्या आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या फुटून रक्ताची गुठळी होते. काही दिवसांत तिथे मऊ कूर्चा बनते. मग त्यात कॅल्शियम बसायला लागतं आणि मोडीभोवती एक गाठ तयार होते. तिला कॅलस म्हणतात. मोठ्या माणसाच्या एक्स-रेत ही गाठ दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. नंतर महिनोन्‌महिने हाड ती गाठ घासूनपुसून पुन्हा आपला आकार घेतं. मेलेल्या माणसाचं हाड यातलं काहीच करत नाही. म्हणून कॅलस दिसला की पक्कं सांगता येतं: हा माणूस मोडल्यानंतर किमान काही आठवडे जगला.

उलटं मात्र सांगता येत नाही. कॅलस नाही, याचा अर्थ हाड मरणाच्या तासभर आधी मोडलं असेल, मरताना मोडलं असेल किंवा मेल्यानंतर हजार वर्षांनी बर्फाच्या भाराखाली मोडलं असेल. एक्स-रेच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी एकसारख्या. ‘नाही’ची खूण ‘आहे’सारखी वाचली गेली आणि त्यावर एका माणसाच्या शेवटच्या दिवसांची अख्खी कथा उभी राहिली.

पुढे बोल्झानोत हे फोटो पुन्हा पाहिले गेले, तेव्हा चित्र पालटलं. डावीकडच्या पाचव्या ते नवव्या बरगड्या खरोखरच मोडल्या होत्या, पण चांगल्या जुळलेल्या होत्या. म्हणजे ती दुखापत मरणाच्या बरीच आधीची, तिच्यातून तो बरा झालेला. उजवीकडच्या बरगड्यांचा आकार मात्र मेल्यानंतर, बर्फाच्या दाबाने बिघडलेला. मारामारीचा पुरावा म्हणून ज्या बाजूकडे बोट दाखवलं गेलं, तिथे मारामारी नव्हतीच.

‘शरद ऋतू’ही टिकला नाही. इन्सब्रुकचे वनस्पतितज्ज्ञ क्लाउस ओएगल यांना त्याच्या आतड्यात हॉप हॉर्नबीम या झाडाचे परागकण सापडले. ते झाड वसंताच्या शेवटी फुलतं.

हाडाच्या जुळण्याचं हे घड्याळ जिवंत माणसांच्या खटल्यांतही फार मोलाचं आहे. १९४६ साली न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची प्रकरणं मांडली: कवटीच्या आत साकळलेलं रक्त आणि हातापायांच्या लांब हाडांत फ्रॅक्चर, पण घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीत त्याला साजेसा अपघातच नाही. १९६२ साली हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यालाच घरातल्या मारहाणीचं नाव दिलं. त्यातला एक कळीचा मुद्दा हाच होता, की एकाच बाळाच्या अंगावर एक फ्रॅक्चर ताजं, दुसरं अर्धवट जुळलेलं, तिसरं जुनं असं दिसत असेल, तर ‘पाळण्यातून पडलं’ ही एकच गोष्ट त्या सगळ्यांना पुरत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाची साक्ष त्याच्या हाडांनी दिली. ओत्झीच्या बरगड्यांवर तोच नियम लावायचा होता, फक्त तो दोन्ही बाजूंनी नीट लावायला हवा होता.

दहा वर्षं बाण कुणाला दिसला नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. इन्सब्रुकमध्ये डीटर त्सुर नेडेन आणि त्यांचे सहकारी हे काही नवखे लोक नव्हते. सीटीवरून थर-थर रचत कवटीची प्रतिकृती बनवण्याचं त्यांचं काम त्या काळात फार पुढचं होतं. तरी बाणाचा उल्लेख कुठल्याच अहवालात आला नाही.

काही कारणं यंत्राची आहेत. ओत्झीचा डावा हात छातीवरून उजवीकडे वळलेला आहे, त्यामुळे खांदा, खवाटा, बरगड्या आणि दंड फोटोत एकमेकांवर येतात. तो हात बाजूला करता येत नाही, आणि त्या हातासकट तो सीटीच्या वर्तुळात नीट मावतही नव्हता. पूर्ण देह एका वेळी सीटीत घेणं जमलं ते २०१३ साली, मोठ्या तोंडाचं यंत्र आल्यावर. शिवाय गोठलेल्या आणि सुकलेल्या देहात दाटपणाची नेहमीची मापं लागू पडत नाहीत. सीटीत पाणी शून्य आणि हवा उणे हजार धरून मोजतात, स्नायू आणि चरबी यांचे आकडे आपल्याला पाठ असतात. इथे स्नायूतलं पाणी गेलेलं, मधे बर्फ साचलेला, चरबीचं मेणासारखं काहीतरी झालेलं. हाडातलंही कॅल्शियम सगळीकडे सारखं उरलेलं नाही.

पण माझ्या मते मोठं कारण डोळ्याचं आहे. सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे लगेच कळेल. एमएलसीचा, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या प्रकरणाचा, रुग्ण येतो, कागदावर एकच ओळ असते: उजवं मनगट, फ्रॅक्चर आहे का? गर्दी असते. डोळा मनगटाकडे जातो, फ्रॅक्चर सापडतं, समाधान होतं आणि फोटोच्या कोपऱ्यातली दुसरी गोष्ट तशीच राहते. रेडिओलॉजीत ही चूक चांगली ओळखीची आहे: एक गोष्ट सापडली की शोध थांबतो. इन्सब्रुकमध्ये प्रश्न होता हा माणूस कसा दिसायचा, किती वर्षांचा होता, त्याला कुठले आजार होते. कुणी मारलं का, हा प्रश्न त्या फोटोंना फारसा कुणी विचारलाच नव्हता. न्यायवैद्यकात गोळी लागल्याचा संशय असेल तर शवविच्छेदनाआधी सगळ्या देहाचा एक्स-रे काढतात, कारण परकी वस्तू जिथे शिरली तिथेच सापडेल असं नसतं. पाच हजार वर्षं जुन्या माणसाबद्दल असा संशय घ्यायला दहा वर्षं लागली.

गोस्टनर यांच्याही कागदावर ‘बरगड्या’ एवढंच होतं. त्यांनी बरगड्या बघून झाल्यावर उरलेला फोटोही बघितला.

बाण सापडला, मरणाचं कारण अजून नव्हतं

फोटो पाहिल्यावर ओत्झीची देखभाल करणारे पॅथॉलॉजिस्ट एडुआर्ड एगार्टर फिग्ल यांनी पाठ तपासली, आणि डाव्या खांद्यामागे बाण शिरल्याची छोटीशी, न भरलेली जखम खरोखरच सापडली. खवाट्याच्या हाडातून बाण आरपार गेला होता आणि टोक खवाटा व छातीचा पिंजरा यांच्यामध्ये अडकलं होतं. फुप्फुसापर्यंत ते पोचलं नव्हतं. दिशा मागून आणि खालून वर अशी होती. बाणाची काठी मात्र जागेवर नव्हती, ती कुणीतरी उपटून काढली होती.

इथे पुन्हा तोच बरगड्यांचा पेच उभा राहतो. हाडात भोक आहे, कॅलस नाही. बाण मरणाआधी लागला हे उघड, मेलेल्या माणसाला डोंगरावर मागून बाण मारायचं कारण नाही. पण त्यानेच तो मेला का? फुप्फुस आणि हृदय वाचलेलं असताना खांद्यातला बाण घेऊन माणूस काही दिवस जगू शकतो, शेवटी थंडीनेही मरू शकतो. हाडाकडे याचं उत्तर नव्हतं.

उत्तर मऊ भागात होतं. २००५ साली बोल्झानोच्या रुग्णालयात, आधीच्यापेक्षा कितीतरी पातळ काप घेणाऱ्या नव्या सीटीवर ओत्झीला तपासलं गेलं. पर्न्टर, गोस्टनर, एगार्टर फिग्ल आणि झुरिकचे फ्रँक र्युली यांनी २००७ साली जे प्रसिद्ध केलं त्याचा गाभा असा: कॉलर बोनच्या खालून डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या मागच्या भिंतीला सुमारे १३ मिलिमीटरची चीर आहे आणि तिच्या भोवतीच्या भागात साकळलेलं रक्त पसरलेलं आहे.

ही चीर दिसणं सोपं नव्हतं. जिवंत माणसाची धमनी बघायची तर आपण शिरेतून औषध सोडतो, ते रक्ताबरोबर धावतं आणि वाहिनी फोटोत उजळून दिसते. ओत्झीत रक्त वाहतच नाही. सुकलेल्या वाहिनीची भिंत, तिच्या आतली पोकळी आणि बाहेर साकळलेलं रक्त यांच्या दाटपणातल्या बारीक फरकांवरच सगळं वाचावं लागलं.

आणि या साकळलेल्या रक्तानेच काळाचा प्रश्नही सोडवला. मेलेल्या देहातून रक्त झिरपतं, पण आजूबाजूच्या मांसात जोराने शिरून पसरत नाही, त्यासाठी हृदय चालू असावं लागतं. म्हणजे चीर पडली तेव्हा तो जिवंत होता. आणि एवढी मोठी धमनी फाटल्यावर, डोंगरावर, कुठलीही मदत नसताना माणूस फार वेळ टिकत नाही. अतिरक्तस्रावाने मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. २०१२ साली बाणाच्या जखमेतून घेतलेल्या नमुन्यांत तांबड्या रक्तपेशी अजून आपल्या आकारात दिसल्या आणि रक्त गोठताना सुरुवातीला बनणारं फायब्रिनही सापडलं. ते थोड्या वेळाने विरून जातं, म्हणून मृत्यू जखमेनंतर लवकरच आला असावा, या म्हणण्याला आणखी बळ मिळालं.

उजव्या हाताची गोष्ट वेगळी आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खोल कापल्याची जखम आहे. म्युनिकचे आंद्रेआस नेर्लिख यांनी तिथल्या ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा जखम भरायला सुरुवात झालेली दिसली. म्हणजे ती मरणाच्या काही दिवस आधीची. चालून आलेलं पातं हाताने धरलं की अशी जखम होते. एक्स-रेत ती दिसणं शक्य नव्हतं, कारण कातडी आणि स्नायू भरून येण्याचे पहिले दिवस फोटोत उतरत नाहीत.

डोक्याच्या सीटीत मेंदूच्या मागच्या भागात दोन काळसर डागही दिसले आहेत. डोक्याला मार लागला होता, असा अर्थ त्यावरून काढतात. तो मार कुणी घातला की बाण लागल्यावर पडताना डोकं खडकावर आपटलं, यावर अजून एकमत नाही.

पित्ताचे खडे आणि भरलेलं जठर

मारेकऱ्याचा तपास इथे संपला असता, पण सीटीचे जुने काप पुन्हा उघडले गेले. बोल्झानोच्याच रेडिओलॉजिस्टांना ते नव्याने पाहताना पित्ताशयात तीन खडे दिसले. खडे सापडले म्हणून पित्ताशयाची जागा पक्की झाली. पित्ताशय कळलं तसं शेजारचं जठर शोधता आलं, आणि ते नेहमीच्या जागी नव्हतंच. देह सुकताना ते वर सरकून बरगड्यांच्या आड गेलं होतं. आणि ते गच्च भरलेलं होतं. इतकी वर्षं जठर हाती न लागल्याने ते रिकामं असल्याचं मानलं जात होतं.

मला ही या प्रकरणातली सर्वांत सुंदर वाचणी वाटते. तीन खडे, कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात रोज दिसणारे, इथे नकाशातल्या खुणेच्या दगडासारखे उपयोगी पडले.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये बोल्झानोच्या ममी-संशोधन संस्थेतल्या आल्बर्ट झिंक यांच्या चमूने त्याला थोडा वेळ वितळू देऊन नमुने घेतले. जठरात रानबोकडाची चरबी आणि मांस, हरणाचं मांस, आइनकॉर्न हा आपल्या खपली गव्हाच्या कुळातला जुना गहू, आणि विषारी नेच्याचे अंश निघाले. अन्न जठरातून फारसं पुढे सरकलेलं नव्हतं, म्हणजे तो मरणाच्या जरा आधीच पोटभर जेवला होता. जिवाच्या भीतीने पळणारा माणूस बसून असं जेवत नाही. तो बसला होता, निवांत होता आणि कुणीतरी मागून बाण सोडला.

म्युनिकचे पोलीस तपास अधिकारी अलेक्झांडर होर्न यांनी अलीकडच्या खुनाचा तपास करावा तसं हे सगळं पाहिलं आणि तेही याच दिशेला आले: दबा धरून, सुमारे तीस मीटरवरून मारलेला बाण. एवढी मौल्यवान तांब्याची कुऱ्हाड देहापाशीच राहिली, त्यामुळे लूट हा हेतू नसावा. हातावरची जखम काही दिवसांपूर्वीच्या झटापटीतली आणि हा बाण त्या वैराचा शेवट, असा त्यांचा कयास आहे. तो सिद्ध करता येणार नाही, पण एक्स-रेतल्या आणि ऊतीतल्या प्रत्येक खुणेशी तो जुळतो.

धमन्यांतला चुना

त्याच सीटीत आणखी एक गोष्ट आहे, खुनाशी संबंध नसलेली. त्याच्या मानेतल्या आणि पोटातल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं आहे. तंबाखू नाही, मोटार नाही, बसून काम नाही, रोज डोंगर चढणारा पन्नाशीच्या आतला माणूस, आणि धमन्या कडक होऊ लागलेल्या. २०१२ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा हृदयविकाराचा धोका वाढवणारी जनुकीय घडण सापडली. फोटोत आधी दिसलेल्या गोष्टीचं कारण मागाहून मिळालं. २०१३ च्या संपूर्ण देहाच्या सीटीत हृदयाजवळही असे तीन ठिपके दिसले. तपासणीला आलेल्या चाळिशीतल्या रुग्णाला आपण ‘चालत जा, तेलकट खाऊ नका’ सांगतो ते बरोबरच आहे, पण आईवडिलांना हृदयविकार होता का हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारायला हवा, हे मला या सीटीने पटवलं.

बाणाचं टोक अजून काढलेलं नाही. काढायचं तर खांदा कापावा लागेल, आणि ते टोक कुठे आहे, कुठल्या दिशेने शिरलं, त्याने काय फाडलं, हे न कापता कळलेलं आहे. बोल्झानोच्या थंड खोलीत, काचेच्या पलीकडे, ते खवाट्याखाली जिथे रुतलं तिथेच आहे.